जवळ घेतल्याने भीती वाढत नाही

दिवाळी जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात एक सल्ला घरोघर पोहोचतो. फटाक्यांना घाबरून कुत्रा पलंगाखाली शिरला तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. जवळ घ्याल, कुरवाळाल, तर त्याची भीती पक्की होईल. कुत्र्यांना शिकवणारे हे सांगतात, प्राण्यांच्या खाद्याचे दुकानदार सांगतात आणि शेजारीपाजारीही सांगतात. लग्नसराईत याच सल्ल्याचे दुसरे रूप ऐकू येते: वरातीच्या घोडीला सवय असते, तिला काही वाटत नाही, उगाच हात फिरवत बसलात तर ती डोक्यावर चढते. या दोन्ही विधानांच्या पाठीशी तिसरे एक विधान उभे असते. हलक्या हाताने अंग चोळून जनावर शांत करणे हे परदेशातून आलेले श्रीमंतांचे खूळ आहे. पहाटेची लोकल गाठणाऱ्या माणसाला ते परवडत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही.

ही तिन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांच्यामुळे दर दिवाळीला आणि दर लग्नसराईला मुकी जनावरे ऐन भीतीच्या वेळी एकटी पडतात, म्हणून त्यांचा एकेक करून प्रतिवाद करणे भाग आहे.

पहिले विधान अंगाला चिकटून बसले आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ज्या कृतीला बक्षीस मिळते ती कृती जनावर पुन्हा करते. कुत्रा बसला, बिस्कीट मिळाले, तो पुन्हा बसतो. यावरून कोणीतरी हिशेब मांडला की कुत्रा घाबरला, माया मिळाली, म्हणजे तो पुन्हा घाबरणार. हा हिशेब चुकतो. बसणे ही कृती आहे. भीती ही शरीराची अवस्था आहे. सुतळी बॉम्ब फुटतो तेव्हा कुत्र्याचे काळीज धडधडते, रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, तोंडातून लाळ गळते, मागचे पाय थरथरतात. यातले काहीही तो ठरवून करत नाही आणि जे ठरवून होत नाही ते बक्षिसाने वाढवता येत नाही. उलट, आवाजाच्या पाठोपाठ काही चांगले घडत गेले तर तोच आवाज हळूहळू कमी भयंकर वाटू लागतो.

हे नुसते तर्काने सांगत नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या उपायांविषयी बाराशेहून अधिक पालकांची पाहणी केली आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध केली. आवाज झाला की लगेच खाऊ देणे किंवा खेळवणे, हा उपाय ज्यांनी केला त्यांच्यापैकी सुमारे सत्तर टक्के लोकांना तो लागू पडलेला दिसला. शांत पडून राहायला आधीपासून शिकवणे आणि पशुवैद्याने दिलेली औषधे, या दोन उपायांचे आकडेही जवळपास तेवढेच आले. अंगाभोवती घट्ट बसणाऱ्या जाकिटाचा उपयोग निम्म्याहून कमी लोकांना झाला. ही पालकांनी सांगितलेली मते आहेत, प्रयोगशाळेतली मोजमापे नाहीत, हे मान्य. पण घाबरलेल्या कुत्र्याशी चांगले वागल्याने भीती बळावत असती, तर हा आकडा नेमका उलटा यायला हवा होता.

स्पर्शाबद्दलची मोजमापेही आहेत. अमेरिकेत मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सार्वजनिक आश्रयगृहातल्या कुत्र्यांवर काम केले. रक्त काढताना अशा कुत्र्यांचे कॉर्टिसॉल वाढते. ज्यांना त्या वेळी शांतपणे कुरवाळले, त्यांच्यात ही वाढ कमी राहिली. २०१७ च्या एका अभ्यासात पशुवैद्याच्या तपासणीच्या वेळी मालकाला कुत्र्याशी बोलू आणि त्याच्यावर हात फिरवू दिला, तेव्हा हृदयाची गती कमी राहिली आणि कुत्र्याने टेबलावरून उडी मारायचा प्रयत्नही कमी केला. २०१८ मध्ये आश्रयगृहातल्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने केवळ १५ मिनिटे कुरवाळले, तरी त्यांचे हृदय शांत झाल्याचे नोंदले गेले. हे सगळे कुत्रे भीती वाटावी अशाच ठिकाणी होते. हाताने ती भीती वाढवली नाही, कमी केली.

यामागचे शरीरशास्त्र नवे नाही. स्वीडनच्या इंग्वे झोटरमन यांनी १९३९ मध्ये मांजराच्या कातडीत हलक्या, सावकाश स्पर्शाला प्रतिसाद देणारे बारीक मज्जातंतू असल्याची नोंद केली. पुढे माणसांमध्येही असेच तंतू सापडले. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने हात फिरला तर ते सर्वांत जास्त जागे होतात. भराभर चोळले किंवा थापट्या मारल्या तर तेवढे होत नाहीत. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच असतो.

मग जवळ घेतल्यावर कुत्रा जास्त बिथरला, असा अनुभव सांगणारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांचा अनुभव खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. घाबरलेल्या कुत्र्याला पलंगाखालून ओढून बाहेर काढले, दोन्ही हातांनी करकचून मिठीत धरले, डोक्यावर वरून थापटले, आणि हे करताना आपणच घाबऱ्याघाबऱ्या आवाजात बोलत राहिलो, तर तो बिथरणारच. अनोळखी माणसाने डोक्यावर हात ठेवला, तोंड धरले किंवा दाबून ठेवले की कुत्रे अस्वस्थतेच्या खुणा दाखवतात, हे बर्लिनच्या फ्रांत्सिस्का कूने यांच्या गटाने २०१२ च्या सुमारास नोंदवले आहे. छातीवर किंवा मानेच्या बाजूला हात फिरवला तर या खुणा कमी दिसतात. म्हणजे दोष स्पर्शात नव्हता. जबरदस्तीत होता.

म्हणून पद्धत नीट सांगायला हवी. कुत्र्याच्या समोर वाकून उभे राहू नये. बाजूला, त्याच्याकडे कूस करून जमिनीवर बसावे. हात पुढे ठेवावा आणि त्याला येऊ द्यावे. तो आला तर छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या मुळाशी, केसांच्या दिशेने सावकाश हात फिरवावा. तीन-चार सेकंदांनी हात थांबवावा. तो जवळ सरकला किंवा नाकाने हात ढकलला तर पुढे चालू ठेवावे. त्याने तोंड फिरवले, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दाखवला किंवा एकदम ताठ झाला, तर हात काढून घ्यावा. तो पलंगाखालीच राहू इच्छित असेल तर तिथेच पाण्याची वाटी आणि जुनी चादर द्यावी, खिडक्या लावाव्यात, पंखा किंवा दूरदर्शन चालू ठेवावे आणि त्याच खोलीत बसून राहावे. कायद्याप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवायला बंदी आहे. ती पाळायला सोसायटीला भाग पाडणे हाही त्याच उपचाराचा भाग आहे.

आता घोडीचे दुसरे विधान. लग्नसराईत उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरच्या नव्या वसाहतींपर्यंत वराती निघतात. पुढे डीजे, बाजूला फटाके, वर दिव्यांची छत्रे, पाठीवर नवरदेव, आणि मध्ये घोडी. ती हलत नाही, म्हणून लोक म्हणतात तिला सवय झाली आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने जवळजवळ सगळा परिसर एकाच वेळी त्याच्या नजरेत असतो. आपल्याला ऐकू न येणारे चढे आवाजही त्याला ऐकू येतात. अंगावर बसलेली माशी त्याच्या कातडीला कळते. इतक्या जागरूक जिवाला फटाक्यांच्या माळेशेजारी काही वाटत नाही, हे संभवत नाही. तो पळत नाही, कारण तोंडात लगाम आहे आणि दोन्ही बाजूंनी माणसे लगाम धरून आहेत. स्तब्ध असणे आणि शांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांत घोडीची मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, ती सावकाश पापण्या मिटते, जबडा हलवते, लांब श्वास सोडते. भेदरलेल्या घोडीची मान वर, नाकपुड्या ताणलेल्या, कान मागे चिकटलेले आणि शेपटी सारखी झटकत असते. या खुणा पाहायला पशुवैद्य असावे लागत नाही. वरातीतल्या कोणालाही त्या दिसतील.

घोडी आवरण्यासाठी काही लोक तिचा कान पिळतात आणि त्याने ती जागची हलत नाही असे समाधानाने सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांचे कान पिळून आणि ओठ आवळून काय होते ते मोजले. ओठ आवळल्यावर पहिली काही मिनिटे हृदयाची गती उतरली, पण पाच मिनिटांपलीकडे ताण वाढू लागला. कान पिळल्यावर मात्र सुरुवातीपासूनच ताण वाढला आणि कॉर्टिसॉलही वाढले. म्हणजे कान पिळलेली घोडी वेदनेने आणि धास्तीने थिजलेली असते. त्याउलट फ्रान्समध्ये क्लॉडिया फे आणि जान द माझिएर यांनी १९९३ मध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवर साधा प्रयोग केला. मानेच्या खालच्या भागी, जिथे आयाळ संपते तिथे, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. त्या जागी माणसाने हाताने खाजवले तेव्हा हृदयाची गती स्पष्टपणे उतरली. तेच दुसरीकडे केले तेव्हा ती तशी उतरली नाही. घोड्याला शांत करणारी जागा घोड्यांनीच ठरवलेली आहे. माणसाने ती ओळखून तिथे हात ठेवायचा असतो.

कायदाही याच बाजूचा आहे. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांविषयीचे १९६५ चे केंद्रीय नियम काटेरी लगाम आणि इजा करणारा कोणताही सरंजाम वापरायला मनाई करतात. त्यांच्या कक्षेतल्या जनावरांकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. घोडीवाल्याला गुन्हेगार ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. त्याचे पोट घोडीवर आहे आणि तिच्या दुखण्याचा पहिला फटका त्यालाच बसतो. बदलापूरच्या पुढे तिसरे स्टेशन नेरळ. तिथून वर माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांची मोटार जात नाही आणि कितीतरी कुटुंबांची रोजीरोटी घोड्यांच्या पाठीवर चालते. अशा माणसाला घोड्यावर हात फिरवणे हे चैनीचे काम वाटू नये. पहिला हात फिरवताना त्याला खोगिराच्या तंगाखालची सोललेली जागा लागेल, पाठीवरची सूज लागेल, एका पायाची उष्णता लागेल. हा शोध वेळीच लागला तर घोडा कामातून जात नाही.

तिसरे विधान सर्वांत उथळ आहे. स्पर्शाने जनावर शांत करणे परदेशी आहे असे म्हणणाऱ्यांनी आपली पागा आणि आपला गोठा आठवावा. मराठी पागेत घोड्याला रोज खरारा करणे हे मोतद्दाराचे नित्याचे काम होते. त्याने अंगावरची धूळ जात असे आणि घोडा माणसाच्या हाताला सरावतही असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकतो, त्यांना हळद आणि लोणी किंवा तूप लावून हलक्या हाताने चोळतो. त्यासाठी त्याला कोणी परदेशी पुस्तक वाचायला दिले नव्हते.

परदेशातली जी पद्धत आज सर्वांत जास्त बोलली जाते, ती लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांची. त्यांचा जन्म १९३७ चा, कॅनडातला. १९७५ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोत मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकल्या. माणसांच्या शरीराच्या हालचालींवर फेल्डेनक्राइस यांनी जे काम केले होते, त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी आधी घोड्यांसाठी आणि मग कुत्र्यांसाठी स्पर्शाची पद्धत बसवली. बोटांनी कातडी हलकेच सरकवत सव्वा वर्तुळ काढायचे, कान मुळापासून टोकापर्यंत सावकाश ओढायचे, अंगाभोवती पट्टी सैल गुंडाळायची, असे तिचे स्वरूप आहे. यातले हलके, सावकाश आणि जनावराच्या संमतीने करणे हे सारे मोलाचे आहे. यासाठी पैसे लागत नाहीत. खोलीभर जागा असलेल्या चाळीतही हे करता येते.

आता चौथे विधान, आणि ते आमच्याच बाजूच्या लोकांचे आहे. त्याचाही प्रतिवाद त्याच ठामपणे करायला हवा. काही जण सांगू लागले आहेत की विशिष्ट वर्तुळांनी पेशी जाग्या होतात, दुखणी बरी होतात, डॉक्टरांची गरज उरत नाही. हे धोकादायक आहे. संथ स्पर्शाचा परिणाम दाखवणारे पुरावे आहेत. पण एक वर्तुळ काढले तर काही होत नाही आणि सव्वा काढले की होते, याला स्वतंत्र पुरावा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भीतीच्या मुळाशी अनेकदा दुखणे असते. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की आवाजाला घाबरणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये सांध्यांचे किंवा स्नायूंचे लपलेले दुखणे असते, आणि अशा कुत्र्यांची भीती इतरांपेक्षा बऱ्याच मोठ्या वयात सुरू होते. पाच-सहा वर्षांचा कुत्रा अचानक फटाक्यांना घाबरू लागला तर आधी पशुवैद्य, मग मालिश. पावसाळ्यात कुत्र्यांचे कान चिघळतात. दुखऱ्या कानावर हात फिरवणे म्हणजे चावा ओढवून घेणे आहे. गोचीड तापाने मलूल झालेला कुत्रा शांत दिसतो, तो शांत नसतो. घोडा पोटाकडे वळून पाहतो, जमिनीवर लोळतो, घामाने थबथबतो, तेव्हा तो पोटशूळ असतो. तिथे एका तासाचाही उशीर जिवावर बेतू शकतो. औषधांच्या बाबतीतही एक गोष्ट सांगायला हवी. फक्त गुंगी आणणारी गोळी मेडिकलमधून आणून दिली तर जनावर हलू शकत नाही, पण त्याची भीती तशीच राहते. भीती कमी करणारी औषधे वेगळी असतात आणि ती पशुवैद्यानेच द्यायची असतात. स्पर्श त्यांच्या जोडीला चालतो, त्यांच्या जागी नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. भटकी कुत्री मुलांना चावतात आणि तुम्ही कुत्र्यांना कुरवाळायला सांगता, असे पालक विचारतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. अनोळखी, रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावा असे इथे कुठेही सांगितलेले नाही. मुलांना तर तसे कधीच करू देऊ नये. चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, यात हयगय नको. रेबीज थांबवायचा तर ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हायला हवे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. निर्बीजीकरण आणि लसीकरण यांना पर्याय नाही.

पण ही कामे हातांनीच होतात. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम कुत्री दयेने पकडायला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतर कुत्री लस टोचून, शस्त्रक्रिया करून जिथून उचलली तिथेच सोडायची आहेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात ठेवायची आहेत. म्हणजे एकतर कुत्रा माणसांत परत येणार, नाहीतर पिंजऱ्यात माणसांच्या हातांखाली राहणार. ज्या कुत्र्याला माणसाचा हात म्हणजे फास आणि काठी एवढेच कळले, तो परत येऊन जास्त चावेल. पोर्तुगालमध्ये २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात शिक्षेने शिकवलेले कुत्रे बक्षिसाने शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त तणावात आढळले. दंडुक्याने कुत्रा गल्लीतून पळतो, त्याने गल्ली सुरक्षित होत नाही.

म्हणून उल्हासनगर महानगरपालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी कुत्री पकडणाऱ्या प्रत्येक पथकाला आणि निवाऱ्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला शांतपणे हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि ते निविदेच्या अटीत लिहावे. पशुवैद्यांनी तपासणीच्या वेळी मालकाला बाहेर उभे न करता कुत्र्याच्या बाजूला उभे राहू द्यावे. घोडीवाल्यांनी वरातीआधी घोडीचा तंग सोडून, आयाळीच्या मुळाशी हात ठेवून तिला दहा मिनिटे द्यावीत, आणि वरातीच्या घरच्यांनी घोडीजवळ फटाके लावू देऊ नयेत. आणि येत्या दिवाळीत तुमच्या घरातला कुत्रा तुमच्या पायाशी येऊन थरथरला, तर त्याला दूर लोटू नका. खाली बसा, हात पुढे करा, तो जवळ आला तर सावकाश फिरवा. त्याची भीती तुम्ही वाढवत नाही.